खांबाचा पवित्रा

“दादा, तू शेवटचा घराबाहेर कधी पडलास रे?”

प्रश्न तोंडातून सुटला मात्र, आणि भिंगरीला वाटलं, आत्ताच्या आत्ता जीभ चावावी. पण सुटलेला बाण नि बोललेला शब्द, दोघांनाही परतीचं तिकीट नसतं. लवंगीने मांडीला काढलेला चिमटा अजून हुळहुळत होता. चष्मिष दोन्ही तळव्यांनी तोंड दाबून बसली होती. हसू दाबत होती की भीती, ते तिचं तिलाच ठाऊक.

पैज या दोघी मैत्रिणींचीच. गेले तीन शनिवार हात धुऊन मागे लागल्या होत्या. “वक्तृत्वात पहिली आलीस ना गं? अख्ख्या शाळेपुढे माइक धरून वाघिणीसारखी गुरगुरत होतीस. मग सख्ख्या भावाला एक प्रश्न विचारून दाखव की! का घरी आलं की शेळी?”

आता शेळी म्हटलेलं ऐकून घेईल ती भिंगरी कसली! वर्षापूर्वीची असती तर गप्प बसली असती. तेव्हा वर्गात ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. पण यंदा तिला कंठ फुटला होता. बाईंनी पुढच्या फेरीसाठी तिचं नाव दिलं होतं, पुढच्या आठवड्यापासून दर शनिवारी दुपारी सराव होता, आणि भिंगरी जमिनीपासून वीतभर वरून चालत होती. नवा कंठ म्हणजे नवी सायकल. ब्रेक कुठे असतात ते पडल्यावर कळतं.

तिघी पॅसेजमध्ये चटई टाकून बसल्या होत्या. समोर दादाच्या खोलीचं दार. शनिवारी ते चार बोटं उघडं असायचं, फटीत दुमडलेल्या पुठ्ठ्याची पाचर. त्या चार बोटांतून दुपारी तीन ते सहा एक अख्खं राज्य बाहेर यायचं: काळ्या नदीवरचा पूल, पुलावर चालून येणारे राखेचे सैनिक, मागे वाचवायचं गाव. दादा या खेळाचा सूत्रधार. तो आत बसून गोष्ट सांगायचा, शत्रूंचे फासे टाकायचा. या तिघी बाहेर बसून आपापल्या पात्राने काय केलं ते सांगायच्या आणि आपले फासे चटईवर टाकायच्या.

आतला खुळखुळाट थांबला. मग पुठ्ठा आत ओढला गेला आणि दार लागलं. आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं झालं असतं. नुसतं ‘टक्’.

“झालं,” लवंगी कुजबुजली. “रागावला.”

“रागावला असता तर बोलला असता,” भिंगरी म्हणाली.

दादा असा का झाला, हे विचाराल तर घरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. एखादी गोष्ट घडली असती तर तिच्यावर बोट तरी ठेवता आलं असतं. आधी कॉलेज सुटलं, मग मित्र, मग कोपऱ्यावरचं दुकान, मग जेवणाचं टेबल. डबकं आटावं तसा तो कडेकडेने आटत खोलीपुरता उरला. खोलीला लागूनच न्हाणीघर होतं, हे बरं म्हणायचं की वाईट, कोण जाणे. आईने डॉक्टरांना दोनदा घरी आणलं. माणूस सज्जन. दाराशी स्टूल टाकून तासभर बसले, बंद दाराशी बोलले, आणि जाताना म्हणाले, “वेळ लागेल.” दुसऱ्या खेपेलाही हेच म्हणाले, फक्त जरा हळू आवाजात. दादाकडे आता दोनच शब्द उरले होते, ‘हो’ आणि ‘नको’. त्यातला ‘हो’ हल्ली महाग झाला होता.

आई एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करायची. दिवसभर ढिगाने चादरी सपाट करून यायची, आणि दादाच्या दारापुढचं न उष्टावलेलं ताट उचलताना कपाळावर पडलेली आठी काही तिला मोडता यायची नाही. बाबांचं तर नावच काढू नका. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. कुठेही कुणी अडकलं की फोन बाबांना. हाताखालच्या माणसांना ते एकच मंत्र द्यायचे: “दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्याला हात धरून ओढायचं नाही. आधी मेन स्विच बंद. मग बोलत राहायचं. हवापाण्याचं बोला, त्याच्या चपलेचं बोला, पण आतल्याशी बोलणं तोडायचं नाही.” हा मंत्र भिंगरीला पाढ्यांच्या आधी पाठ होता. आणि हेच बाबा स्वतःच्या मुलाशी आठ महिन्यांत एक अक्षर बोलले नव्हते. दिव्याखाली अंधार तो असा. काही सांगायचं झालं की निरोप्या भिंगरी. “विचार त्याला, केस कापायला माणूस घरी बोलावू का.” “सांग त्याला, डॉक्टर परत यायचं म्हणताहेत.” भिंगरी निरोप घेऊन दाराशी जायची आणि ‘नको’ घेऊन परत यायची. तिच्याकडून ‘नको’ घेताना बाबा खिशातलं काहीतरी शोधत असायचे.

राहता राहिला तो शनिवार.

खेळ जुना होता, दादा टेबलाशी जेवायचा त्या काळचा. या खेळात प्रत्येकाने आपलं पात्र निवडायचं असतं. लवंगी जादूगारीण झाली. “मी आग फेकते,” म्हटलं, फासा टाकला, सुटली. चष्मिष कुऱ्हाडवाली. “मी मारते.” “कुणाला?” “जो जवळ असेल त्याला.” संपला विषय. आणि भिंगरीने निवडला पवित्रेबाज.

पवित्रेबाज हा योद्धा मूळ खेळात नव्हताच. तो दादाने स्वतः रचलेला. त्याला चार पवित्रे: घार, वेत, कासव आणि खांब. घारीतून झेप, वेतातून वाकून उलटा वार, कासवातून बचाव. प्रत्येक पवित्र्याचे सहा-सात डाव, प्रत्येक डावाला दम लागणार, आणि दम संपला की तुमचा शूरवीर पुलावर धापा टाकत उभा. एका पवित्र्यातून दुसऱ्यात जायला अर्धा दम. पण आधीचा वार हुकला असेल तर पूर्ण. पायाखाली ओलं असेल तर आणखी निराळं. आणि सगळ्यांच्या डोक्यावर एक नियम: पवित्रा आधी बोलायचा, फासा नंतर टाकायचा. एकदा बोललेला पवित्रा फिरवायचा नाही. “फासा बघून पवित्रा घेतो तो पवित्रेबाज नाही,” दादा म्हणायचा, “तो लबाड.”

“अगं, हे युद्ध आहे का गणिताचा पेपर?” चष्मिष वैतागायची. “तुझी पाळी संपेपर्यंत माझी कुऱ्हाड गंजून जाते.”

“मी तर मघाशी एक डुलकी काढली,” लवंगी म्हणायची. “राखेच्या सैनिकानेही काढली असणार.”

भिंगरी नुसती हसायची. खरं कारण तिने मैत्रिणींनाही सांगितलं नव्हतं. पवित्रेबाज इतका किचकट होता, की दर पाळीला सूत्रधाराला विचारल्याशिवाय पान हलायचं नाही. तिने विचारायचं, “दादा, घारीतून वेतात येताना ढाल कुठे धरू?” आणि आतून यायचं, “धरू? बावळट, घारीत ढाल पाठीवर असते! किती वेळा सांगितलं. हे बघ, तू कठड्यावर उभी आहेस. खाली पाणी. तो डावीकडून येतोय…” की तो सुटलाच. पाच-पाच मिनिटं. बावळट म्हणायचा, दीडशहाणी म्हणायचा. तिने आपल्या योद्धीचं नाव रणचिमणी ठेवलं तेव्हा तर तो हसला होता, नाकातून फुस्स करून, अगदी पूर्वीसारखा. स्वयंपाकघरात आईने नळ बंद केला होता. बंद करून तशीच उभी राहिली होती, ओल्या हातांनी, पुन्हा हसेल म्हणून.

चार पवित्र्यांतला खांब तेवढा भिंगरीने कधी घेतला नाही. खांबात डाव नाहीत, वार नाही, दमाचा हिशेब नाही. सोबत्यांच्या पुढे उभं राहायचं आणि येईल ते अंगावर घ्यायचं. “मी खांब घेते,” म्हटलं की पाळी संपली. विचारण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, मग तो तिच्या काय कामाचा?

पण झालं असं, की वर्षभर तेच ते विचारून भिंगरीला सगळं पाठ झालं. आणि पाठ झालेलं पोटात ठेवणं तिच्या स्वभावात नव्हतं. वक्तृत्वाचा ढालीएवढा चषक घरी आणला त्याच आठवड्यातली गोष्ट. पुलावर तीन सैनिक एकदम आले आणि भिंगरी उभी राहिली, चटईवर, हात कमरेवर: “घारीतून वेतात, अर्धा दम, वार हुकला नाही म्हणून सूट, पहिल्याचा वार वाकून चुकवते, उलटा वार दुसऱ्यावर, उरलेल्या दीड दमात कासव!” फासा टाकला. तिन्ही सैनिक आडवे. लवंगीने शिट्टी मारली, चष्मिषने टाळ्या पिटल्या.

आतून एकच शब्द आला. “बरोबर.”

भिंगरी तशीच उभी राहिली. वर्षभरातली तिची सगळ्यात सुंदर पाळी होती ती, आणि दादाला बोलायला तिने जागाच ठेवली नव्हती.

पुढच्या शनिवारपासून ती मुद्दाम चुकायला लागली. येत असलेलं न आल्यासारखं करणं हे वक्तृत्वाहून कठीण असतं. “दादा, ढाल कुठे धरू?” ती विचारायची. आतून उत्तर यायचं, पण दर खेपेला जरा आखूड होऊन. कठडा गेला, मग पाणी गेलं, मग ‘बावळट’ही गेलं. उरलं फक्त, “पाठीवर.”

म्हणून तर त्या दिवशी पैज तिने घेतली. मैत्रिणींना वाटलं, डिवचल्यामुळे. डिवचल्यामुळे तर होतंच. पण तिला असंही वाटलं होतं, की खेळातले प्रश्न संपत आलेत, तर एक खरा प्रश्न टाकून बघावा.

त्यानंतरच्या शनिवारी बाईंना ‘डोकं दुखतंय’ सांगून ती सराव बुडवून घरी आली, चटई टाकली, फासे मांडले. लवंगी आली नाही. तिची आई म्हणाली होती, त्या घरात आता नको जाऊ. चष्मिष आली, चपला न काढता दारातच उभी राहिली, म्हणाली, “माझा क्लास लागलाय गं शनिवारी,” आणि तिचा चष्मा आधी खाली, मग जिन्याकडे वळला. “जा,” भिंगरी म्हणाली. “कुऱ्हाडीला तेल लावून ठेव.” दोघी हसल्या. हसणं जिन्याच्या पहिल्या वळणापर्यंतच पुरलं.

दार बंदच होतं. दारापुढे सकाळचं ताट, झाकलेलं, आणि ताटाखाली एक वही.

भिंगरीने झटक्यात उघडली. दादाचं अक्षर, मोत्यांसारखं. पहिल्या पानावर एकच ओळ: ‘पवित्रेबाज. सगळे नियम यात आहेत. आता विचारावं लागणार नाही.’

पुढे पानामागून पान. चारही पवित्रे, त्यांचे डाव, दमाचे तक्ते, सगळं नीट आखून. आणि मग प्रश्नोत्तरं. तिने वर्षभरात विचारलेला एकूण एक प्रश्न त्याने लिहून ठेवला होता.

‘प्रश्न: घारीतून वेतात येताना ढाल कुठे? उत्तर: पाठीवर. (भिंगरी. सहाव्यांदा.)’

‘प्रश्न: जखमी असताना अर्धा दम मोजायचा का? उत्तर: हो. (भिंगरी. हिला माहीत आहे.)’

‘प्रश्न: ओल्या जमिनीवर घार चालते का? उत्तर: नाही. (माहीत आहे.)’

त्याच्याखाली आणखी एक ‘माहीत आहे’. आणि आणखी एक. पुढची दोन पानं नुसती ‘माहीत आहे’नेच भरलेली.

भिंगरी भिंतीला पाठ लावून खाली बसली. म्हणजे त्याला कळत होतं. तिला वाटत होतं की ती त्याला बोलतं करतेय, आणि तो तिकडे आत बसून, तिला सगळं येतंय हे माहीत असून, तिच्यासाठी उत्तर देत होता. एकेका उत्तराला त्याला किती दम लागत असेल? आणि तिने सहा सहा वेळा मागितला. दम संपला की योद्धा काय करतो, हे त्यानेच तर शिकवलं होतं तिला.

शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता. ‘शेवटचा घराबाहेर कधी पडलो?’ त्याच्याखाली ‘उत्तर’, दोन ठिपके, आणि पुढे शाईचा एक डाग. पेनाचं टोक टेकवून कुणी खूप वेळ बसलं की पडतो तसा. शाई तिथे कागदाच्या आरपार गेली होती. डागापुढे कोरं.

“दादा,” तिने हाक मारली. “वही मिळाली.”

आत सतरंजीवर पाय सरकल्याचा आवाज झाला. दाराकडे नाही, खिडकीकडे.

दुसऱ्या दिवशी रविवार. आई-बाबा दोघं घरी. ताट तिसऱ्यांदा जसंच्या तसं परत आलं तेव्हा आईने ते ओट्यावर ठेवलं. मग बाबांकडे नुसतं पाहिलं. बाबा उठले. कोपऱ्यातली कामाची पिशवी उचलली, पॅसेजमध्ये आले, गुडघे टेकले आणि मोठा स्क्रू-ड्रायव्हर काढला. दार पॅसेजकडे उघडणारं होतं, बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला. बाबांना पाच मिनिटांचं काम.

भिंगरी आडवी आली. अक्षरशः. दार आणि बाबा यांच्यामध्ये पाठ टेकवून बसलीच.

“बाजूला हो.”

“बाबा, अडकलेल्या माणसाला ओढायचं नाही. तुमचंच वाक्य आहे.”

बाबांचा हात खालच्या बिजागरीवर थांबला. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. “लिफ्टमधल्या माणसाला बाहेर यायचं असतं गं,” ते म्हणाले. “ह्याला यायचं नाहीये.”

अख्ख्या शाळेला गप्प करणाऱ्या भिंगरीने वक्तृत्वाची सगळी पोतडी चाचपली. मुद्दा नाही, दाखला नाही, टाळ्यांचं वाक्य नाही. बाबा खरं बोलत होते. वहीच्या शेवटच्या पानावरही तेच तर लिहिलं होतं, म्हणजे लिहिलं नव्हतं.

“मग काय करायचं आम्ही?” आई मागून म्हणाली. आवाज इस्त्रीखालच्या ओल्या चादरीसारखा. “डॉक्टर झाले. तू झालीस. मैत्रिणी झाल्या तुझ्या. दार काढलं तर निदान दिसेल तरी. डोळ्यांपुढे तरी राहील.”

“दार काढलंत तर तो कुठे जाईल, आई? न्हाणीघरात. मग ते दार काढाल?”

स्क्रू-ड्रायव्हर बिजागरीवरून निघाला, पण पिशवीत गेला नाही. बाबांनी तो मांडीवर ठेवला.

“मी काय म्हणते ते ऐका,” भिंगरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही; आत ऐकू जाईल एवढाच होता. “मी ठरवलंय. आजपासून मी तुमचे निरोप नेणार नाही. केस, डॉक्टर, जेवण, काहीच नाही. ज्याला सांगायचं असेल त्याने इथे येऊन स्वतः सांगायचं.”

“आणि खेळ?” आईने विचारलं.

“खेळ संपला. पवित्रेबाज मला सगळा येतो. आणि मी त्याला काही विचारणारही नाही. एकही प्रश्न नाही. दर शनिवारी तीन ते सहा मी या चटईवर बसणार. नुसती.”

“शनिवारी तुझा सराव असतो ना? बाईंनी नाव दिलंय. एवढी वर्षं तोंडातून शब्द निघत नव्हता तुझ्या, आता कुठे…”

“बाईंना मी उद्या सांगते. दुसरीचं नाव द्या म्हणून.”

“वेडी आहेस का?” बाबा म्हणाले. पण रागाने नाही; त्यांच्याकडे राग उरलाच नव्हता. “तू बसलीस म्हणून तो दार उघडेल असं वाटतं तुला?”

भिंगरीने खरंच विचार केला. डोक्यात वही उलटली, पहिल्या पानापासून शाईच्या त्या डागापर्यंत.

“नाही वाटत,” ती म्हणाली.

“मग?”

दारापलीकडे काही हललं नाही. पायांचा आवाज नाही, फाशांचा नाही. बाबा गुडघ्यांवर, आई भिंतीला टेकलेली, आणि मधे ती, पाठीला थंड लाकूड लागलेली.

“तुम्हाला दोघांना आधी सांगून ठेवतेय,” भिंगरी म्हणाली, “म्हणजे मला नंतर फिरवता येणार नाही. मी खांब घेते.”